पेपर हातात आला आणि आठवेचना

श्रोतेहो, नमस्कार.

निकाल लागला आणि मार्क कमी पडले की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "दिवसभर तर पुस्तक घेऊन बसली होतीस!" मुलगी रडवेली होऊन सांगत असते, "मला सगळं येत होतं. पेपर हातात आला आणि आठवेचना." मोठ्यांना ही सबब वाटते. मला विचाराल तर बहुतेक वेळा ती खरंच बोलत असते. आदल्या रात्री तिला मनापासून वाटत होतं की आपल्याला सगळं येतंय. घोटाळा झाला तो त्या वाटण्यात.

धडा तिसऱ्यांदा वाचला की ओळी ओळखीच्या होतात. पुढचं वाक्य काय असणार ते आधीच कळतं, वाचन भराभर होतं आणि आपण निर्धास्त होतो. पण परीक्षेत पुस्तक समोर नसतं. तिथे कोरा कागद असतो आणि डोक्यातून बाहेर काढायचं असतं. या बाहेर काढण्याचा सराव आपण एकदाही केलेला नसतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला. सरासरी चौदा वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने साधारण तीन-साडेतीन वेळाच वाचला आणि उरलेल्या वेळात उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं तीनदा लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा घोकणाऱ्यांची सरशी झाली: त्यांना 83 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 71. आठवड्याने मात्र चित्र उलटलं. घोकणारे 40 टक्क्यांवर घसरले आणि लिहिणाऱ्यांकडे 61 टक्के शिल्लक होतं. आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. आठवड्यानंतर किती लक्षात राहील, असं आधीच विचारलं तेव्हा सगळ्यात जास्त खात्री होती ती घोकणाऱ्यांनाच!

आता हे घरी करायचं कसं? समजा, प्रकाशसंश्लेषणाचा धडा आहे. एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या पानावर लिहायला लागा. पानं सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, इथपर्यंत हात सरसर चालतो. हरितद्रव्यही आठवतं. मग पेन अडतं. कार्बन डायऑक्साइड आत येतो कुठून? पाणी कुठून येतं? ऑक्सिजन बाहेर का पडतो? हे अडणं त्रासदायक असतं आणि पुस्तक उघडायचा मोह होतो. पण मिनिटभर तसंच बसा, आठवून बघा. नाहीच आठवलं तर मग उघडा आणि जे अडलं होतं तेवढंच वाचा. आता 'पर्णरंध्रं', म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, हा शब्द दिसला की तो डोक्यात पक्का बसतो, कारण तुम्ही त्याला शोधत होतात. अर्ध्या तासात पान भरत नाही, मजकूर तोकडा दिसतो, म्हणून मुलांना हा अभ्यास कमी झाल्यासारखा वाटतो. उलट रंगीत पेनांनी अर्धं पुस्तक पिवळं केलं की किती काम झालं असं वाटतं! 2013 साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यात अधोरेखन आणि नुसतं फेरवाचन खालच्या रांगेत गेलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर विभागणं या दोन पद्धती सर्वांत वर राहिल्या.

ही विभागणी काही आजची नाही. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने स्वतःवरच केलेले प्रयोग 1885 साली प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा आणि काही काळाने किती उरलंय ते मोजायचा. त्याचं एक निरीक्षण असं की एकाच दिवशी केलेल्या 68 उजळण्यांनी जे साधलं, ते तीन दिवसांत विभागलेल्या 38 उजळण्यांनी साधलं. जवळजवळ निम्मी मेहनत. तरीही परीक्षेच्या आदल्या रात्री जागणं हा आपल्याकडे पराक्रम समजला जातो.

गणिताचं दुखणं थोडं वेगळं असतं. सरळव्याजाच्या धड्याखाली सगळी गणितं सरळव्याजाचीच असतात, त्यामुळे सूत्र कोणतं हा प्रश्नच पडत नाही. परीक्षेत सरळव्याज, चक्रवाढव्याज, नफा-तोटा सगळं एकत्र येतं आणि मूल विचारतं, "यात काय लावायचं?" म्हणून सरावालाही गणितं मिसळूनच घ्यावीत. आणि हो, "मी ऐकून शिकणारा, ती पाहून शिकणारी" अशी मुलांची विभागणी फार लोकप्रिय आहे. तशी विभागून शिकवलं तर जास्त शिकतात, याला भक्कम पुरावा मात्र सापडलेला नाही.

पण श्रोतेहो, एवढं सांगून थांबलो तर मी मुलांवर अन्याय करीन. सगळी मदार पद्धतीवर असती तर किती सोपं झालं असतं! चीनच्या ग्रामीण शाळांमधला एक मोठा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. लांबचं नीट न दिसणाऱ्या मुलांना मोफत चष्मे दिले आणि गणितातले त्यांचे गुण सुधारले. शिकवणं तेच, पुस्तकं तीच. वर्गात चुळबुळ करणाऱ्या, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्या मुलाला आपण किती पटकन 'ढ' म्हणून मोकळे होतो! त्याला फळा दिसतो का, हे विचारायचं राहूनच जातं.

झोपेचंही तसंच. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असं निद्रातज्ज्ञ सांगतात. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसायला झोपेची मदत होते, म्हणजे पहाटे तीनपर्यंत जागणारा मुलगा स्वतःच्याच मेहनतीवर पाणी सोडत असतो. कॉलेजमधल्या हजेरीचा आणि गुणांचा संबंधही संशोधनात अगदी ठळक दिसतो. वर्ग बुडवून नंतर कुणाच्या तरी नोट्स मिळवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

घरच्या परिस्थितीबद्दल तर बोलायलाच हवं. 1966 साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सहा लाखांवर विद्यार्थ्यांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. गुणांमधल्या फरकाचा घरच्या पार्श्वभूमीशी फार जवळचा संबंध आहे, असं त्या अहवालात दिसलं. एका खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, धाकट्या भावाला सांभाळायचं काम अंगावर. अशा मुलीला "वेळापत्रक कर" असं सांगणं सोपं असतं. तिला वेळापत्रकाच्या आधी एक शांत तास लागतो आणि तो घरातल्या मोठ्यांनीच काढून द्यावा लागतो.

आणि आत्मविश्वास? "मला हे जमेल" असं वाटणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण चांगले असतात, हे खरं. पण तो "तू हुशार आहेस" असं शंभरदा सांगून येत नाही. काल अडलेलं गणित आज सुटलं की येतो. मुलाला कुवतीच्या जरा वरचं, पण सुटेल असं गणित द्यावं लागतं.

पुष्कळ आईवडील म्हणतात, "आमचंच शिक्षण कमी, आम्ही काय मदत करणार?" पुस्तक तुमच्या हातात घ्या, अगदी उलटं धरलंत तरी चालेल. मुलाला म्हणा, "आज काय शिकलास ते मला समजावून सांग." विषय तुम्हाला कळला नाही तरी ते कुठे अडखळतंय, कुठे नुसतेच शब्द फेकतंय, ते ऐकू येतं. तिथे विचारा, "म्हणजे काय?" सांगता आलं नाही तर रागावू नका. पुस्तक त्याच्या हातात परत द्या आणि उद्या पुन्हा तेच विचारा.

नमस्कार.