आधी पाणी निवळू द्या, मग क्लोरीन

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर जंगलातला पाचोळा, कुजकी मुळं, शेतातली माती यांचा अर्क ओढ्यांवाटे धरणात उतरतो. चहाच्या पत्तीचा उतरतो ना, अगदी तसाच. यात मुख्यतः ह्युमिक आणि फुल्विक आम्लं असतात. एरवी ती फारशी अपायकारक नाहीत. पण पाण्यात क्लोरीन पडलं की गोष्ट बदलते.

रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनतज्ज्ञ योहान्स रुक यांनी १९७४ साली हे दाखवून दिलं. या सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनची क्रिया होऊन क्लोरोफॉर्म आणि त्याच्या कुळातली संयुगं, म्हणजे ट्रायहॅलोमिथेन, तयार होतात. ती वर्षानुवर्षं पोटात जाणं बरं नाही. कर्करोगाची शंका घेतली जाते. म्हणून अमेरिकेनं १९७९ मध्ये त्यांच्यावर मर्यादा घातली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकातही क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम आहे.

हे ऐकून कुणी क्लोरीनच नको म्हणेल. कृपा करून तसं करू नका! कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांचा धोका आजचा आहे, आणि तो कितीतरी मोठा आहे. चूक क्लोरीनची नाही, क्रमाची आहे.

शुद्धीकरण केंद्रात धरणाचं पाणी आत येताच क्लोरीन सोडायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. म्हणजे सेंद्रिय द्रव्य सगळ्यात जास्त असतं, नेमकं तेव्हाच. त्याऐवजी आधी तुरटीला तिचं काम करू द्यावं. ह्युमिक आम्लांवर ऋण भार असतो, तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर धन; दोन्ही एकत्र येऊन गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. पाणी किंचित आम्लधर्मी, सामू (पीएच) सहाच्या आसपास असेल, तर हे काम जास्त चांगलं होतं. तुरटी किती घालायची हे रोज जार टेस्ट करूनच, म्हणजे पाण्याच्या नमुन्यांत तुरटीचं वेगवेगळं प्रमाण घालून बघूनच ठरवावं, कारण पावसाच्या एका सरीनं धरणातलं पाणी बदलतं. आणि नुसता गढूळपणा मोजून भागत नाही: विरघळलेलं द्रव्य काचेसारख्या नितळ पाण्यातही असू शकतं. एवढं करूनही जे उरतं, ते सक्रिय कोळशाच्या थरातून गाळून बरंच कमी करता येतं. खर्च वाढतो, पण मोठ्या शहरांनी तो करायलाच हवा, असं मला वाटतं.

शेवग्याच्या बियांनीही पाणी निवळतं. मात्र बियांचा कच्चा अर्क स्वतःच पाण्यात सेंद्रिय द्रव्य वाढवतो, म्हणून असं पाणी साठवून ठेवू नये.

आता गावातल्या जलसुरक्षकांसाठी. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नेहमीच्या मापानं टाकूनही ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघायच्या चाचणीला, पिवळा रंग येत नसेल, तर पावडर जुनी आहे का ते आधी बघा. ती ताजी असेल, तर विहिरीतला पालापाचोळा आणि गाळ क्लोरीन खाऊन टाकत असण्याची दाट शक्यता आहे. नुसती पावडर वाढवत नेऊ नका. विहीर उपसा, गाळ काढा, आणि मग टीसीएल टाकून पुन्हा ओटी घ्या. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळायला हवं.

नमस्कार.