हद्दीपलीकडचे तिकाल

मध्य अमेरिकेतील बेलीझ या देशाच्या पश्चिम टोकाला, बेंके व्हिएहो गावाजवळच्या सीमानाक्यावर, गणवेशातील मुलामुलींची रांग लागली आहे. पलीकडे ग्वाटेमाला सुरू होतो. तेथील राज्यकारभाराची भाषा इंग्रजी नव्हे तर स्पॅनिश आहे, आणि त्या देशाने बेलीझच्या भूमीवर सांगितलेला हक्क आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेलेला आहे. एरवी वर्तमानपत्रात वाचलेली ही सीमा मुले आज स्वतःच्या पासपोर्टावर शिक्का उमटवून ओलांडतात. तेथून तिकाल या प्राचीन माया नगराच्या अवशेषांपर्यंत पोहोचण्यास बसने आणखी सुमारे दोन तास लागतात.

वैराची कथा मात्र या सीमेहून फार जुनी आहे. बेलीझमधील काराकोल या नगरात, म्हणजे याच प्रदेशातील प्राचीन माया लोकांच्या दुसऱ्या एका नगरात, चेंडूच्या खेळाच्या मैदानात, एक गोल शिळा सापडली असून इ. स. ५६२ मध्ये तिकालचा पाडाव झाल्याची नोंद तिच्यावर कोरलेली आहे. त्यानंतर जवळजवळ १३० वर्षे तिकालमध्ये तारीख कोरलेले स्मारक उभारले गेल्याचे आढळत नाही. पुढे हसाव चान काविल या राजाने ६९५ मध्ये कालाकमुल या बलाढ्य माया नगराला हरवले, आणि नगराचे वैभव परतले. मुख्य चौकातील ४७ मीटर उंचीच्या पहिल्या मंदिराखाली याच राजाची समाधी आहे. जेत्यांच्या नगराचा वारसा सांगणारी ही मुले पराभूतांचे नगर पाहण्यास आलेली आहेत, आणि ते आपल्या काराकोलपेक्षा दिमाखदार निघाल्याची किंचित नाराजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसली, तर ती क्षम्यच म्हणावी लागेल.

पहिल्या मंदिरावर चढण्यास मनाई आहे. सुमारे ६५ मीटर उंचीच्या चौथ्या मंदिरावर मात्र लाकडी जिन्याने जाता येते, आणि वर पोहोचताच खाली पसरलेल्या जंगलातून डोके काढणारी इतर शिखरे दिसतात. या मंदिरांच्या दारांवरील कोरीव तुळया चिक्कूच्या लाकडाच्या होत्या. होय, घोलवड-डहाणूच्या बागांतील चिक्कू मूळचा याच प्रदेशातला. त्याचे लाकूड इतके टणक असते की हजार वर्षांचा दमट पाऊसही त्याला पुरता कुजवू शकला नाही. चौथ्या मंदिराच्या उत्तम तुळया एकोणिसाव्या शतकात येथून नेण्यात आल्या, आणि आज त्या पाहण्यासाठी स्वित्झर्लंडमधील बासेल शहर गाठावे लागते.

तिकालला नदी नाही. म्हणून येथील लोकांनी चुनेगच्चीच्या चौकांना उतार दिला, आणि पावसाचा थेंब न् थेंब बांधीव तलावांकडे वळवला. आता झाडीने भरलेल्या अशाच एका खोलगट तलावाच्या काठावर वाटाड्या थांबतो, आणि शिलालेखांच्या भाषेत पाण्याला ‘हा’ म्हणत, असे सांगतो. घरी आजही मोपान माया ही भाषा बोलणाऱ्या मुलांना हा शब्द नव्याने शिकावा लागत नाही.