राईएवढा तुकडा

(पहाट. पानठेला. पन्नीवर घोटला जाणारा खर्रा.)
सुपारी, तंबाखू, चुना. पन्नीत घालायचं आणि घोटत राहायचं. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली. खर्रा मात्र गडचिरोलीत वडशापासून सिरोंच्यापर्यंत डोळ्यांसमोर घोटून मिळतो.

(दवाखान्याचा व्हरांडा. काकाजी, शेजारी पेजेचा डबा.)
"भात अटकते जी. पेज जाते." आधी पोळी अटकायची, मग भात. दुर्बिणीत अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ दिसली. चिमट्यानं काढलेले तुकडे राईएवढे.

(फॉर्मालिनची बाटली, जवळून.)
ही बाटली नीट बघा. तुकडे सलाईनमध्ये टाकले की सडायला लागतात. फॉर्मालिनच हवं, तुकड्याच्या दहापट तरी. आणि त्यातही काही मार्करसाठी, म्हणजे गाठीची ओळख सांगणाऱ्या प्रथिनांसाठी, तुकडा फॉर्मालिनमध्ये ६ ते ७२ तासच ठेवायचा हिशेब. ही बाटली काकाजींच्या मुलानं मांडीवर धरून एसटीनं नागपूरला नेली. मधे सुट्ट्या लागून आल्या तर काय, हे त्याला निघताना कुणी सांगितलं नव्हतं.

(लॅब. चकत्या कापणाऱ्या यंत्राचं, मायक्रोटोमचं चाक.)
तुकडे आता मेणाच्या ठोकळ्यात. चाकाच्या एकेका फेऱ्याला तीन-चार मायक्रॉनची चकती सुटते. कोमट पाण्यावर सोडली की सायीसारखी पसरते, सुरकुत्या आपसूक जातात. लॅबमधल्या ताई खालून काच घालून ती उचलतात. आमचा कॅमेरा जवळ गेला तेव्हा त्यांनी हातानंच थांबवलं. श्वास लागला तरी चकती सरकते.

मग चक्क कुकर, घरचा असतो तसाच. फॉर्मालिननं झाकलेल्या प्रथिनांच्या खुणा सायट्रेटच्या पाण्यात उकळून मोकळ्या करायच्या. त्यावर अँटीबॉडी, म्हणजे हवं ते प्रथिन शोधून त्यालाच चिकटणारा रेणू, शेवटी रंग. प्रथिन जिथे सापडेल तिथे काताचा डाग, बाकी सगळं निळं.

(सूक्ष्मदर्शकातलं दृश्य.)
पी-४० हे प्रथिन गडद, म्हणजे स्क्वॅमस, अस्तरातल्या चपट्या पेशींचा कर्करोग. तंबाखूच्या वाटेनं येणारा आणि आपल्याकडे जास्त दिसणारा. केआय-६७ चे डाग म्हणजे वाढीला लागलेल्या पेशी. पी-५३ मात्र फसवं. बिघडलेलं प्रथिन केंद्रकात साचतं, म्हणून गडद दिसतं. पण काही बिघाडांत ते तयारच होत नाही, आणि गाठ कोरी निघते. कोरी म्हणून सोडायची नाही. शेजारच्या चांगल्या पेशींत थोडा तरी रंग उतरलाय का ते आधी बघायचं. तिथेही नसेल तर चूक रंगवण्यातली. पीडी-एल१ हे आणखी एक प्रथिन. ते किती आहे, त्यावर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच गाठीशी लढवणाऱ्या औषधांचा विचार होतो.

(वॉर्ड. काकाजी, नाकात नळी.)
रिपोर्ट आला. शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाले.

(एसटी स्टँड. मुलाच्या हातात प्लास्टिकची डबी.)
डबीत तोच ठोकळा आहे. तो मागून घ्यावा लागतो, आपणहून फार कमी ठिकाणी देतात. पुढे दुसऱ्या दवाखान्यात नवा मार्कर बघायचा झाला आणि तुकडा पुरेसा उरला असेल, तर त्यातूनच चकती निघते. पुन्हा घशात दुर्बीण नको. मुलानं डबी सातबाराच्या पिशवीत ठेवली. उन्हाळ्यात टिनाखाली ठेवू नको, मेण आहे, हे ताईंनी त्याला दोनदा बजावलं.