चित्रकलेला गणिताची शिफारस कशाला?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘शाळेतल्या कलाशिक्षणाला बळ कसं द्यावं’. त्यावर मी येणार आहे, काळजी करू नका. पण त्याआधी एक जुनं दुखणं तुमच्यापुढे मांडतो. समोर बहुतेक शिक्षकच बसलेत, म्हणजे तास संपेपर्यंत जागेवर बसायची सवय आहे.

कलेची बाजू घ्यायला उभा राहिलेला माणूस दोन मिनिटांत गणितावर कसा घसरतो? ‘संगीतानं गणित सुधारतं’, ‘चित्रकलेनं एकाग्रता वाढते, मग विज्ञानात मार्क पडतात’. पालकसभेत हेच, शिबिरात हेच, अनुदानाच्या अर्जातही हेच. गणिताच्या सरांना कधी कुणी विचारलंय का, की तुमच्या वर्गमुळांनी पोरांचा आवाज सुरात लागतो का? त्यांना कुणी पुरावा मागत नाही. आणि आपण मात्र न मागता पुरावे घेऊन दारोदार फिरतो. बरं, पुरावा तरी धड असावा!

युरोपातला जुना संगीतकार मोझार्ट, त्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, पण बहुधा अर्धीच. 1993 साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक छोटासा शोधनिबंध आला. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या विद्यापीठातले 36 विद्यार्थी. शाळेतली मुलं नव्हेत, कॉलेजातली. त्यांना दहा मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंसाठी लिहिलेला सोनाटा ऐकवला. मग कागदाला घड्या घालून कापला तर उलगडल्यावर कसा दिसेल, अशा धर्तीची कोडी दिली. शांत बसलेल्यांपेक्षा यांना ती थोडी बरी जमली. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. संपला निबंध. मुलं हुशार होतात, असं त्यात कुठंही नव्हतं.

पण बातमी व्हायची ती झालीच. बाजारात बाळांसाठी सीड्या आल्या. 1998 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अभिजात संगीताची सीडी देण्यासाठी अंदाजपत्रकात 1,05,000 डॉलर मागितले. विधिमंडळातच त्यांनी संगीत वाजवून दाखवलं आणि सदस्यांना विचारलं, काय, आत्ताच जरा हुशार झाल्यासारखं वाटतंय ना? वाजवलं होतं दुसऱ्याच संगीतकाराचं, बीथोव्हेनचं. मोझार्टच्या नावावर खपलेल्या गोष्टीत मोझार्टलाच जागा उरली नाही! त्याच वर्षी फ्लोरिडानं सरकारी पैशावर चालणाऱ्या पाळणाघरांत रोज असं संगीत लावायचा कायदा केला. ही बाळं कोडी सोडवायच्या वयाची नव्हती, हे कुणाच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

पुढे काय निघालं? 1999 च्या एका प्रयोगात मोझार्टऐवजी गोष्ट ऐकवली, तर ज्यांना गोष्ट जास्त आवडली त्यांची कोडी गोष्टीनंतर चांगली सुटली. म्हणजे मन प्रसन्न झालं, तरतरी आली, इतकंच. 2010 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी चाळीसेक अभ्यास एकत्र तपासले. मोझार्टची म्हणून वेगळी जादू सापडली नाही.

हे मी रंगवून सांगतो याचं कारण साधं आहे. उसना आधार निसटला की वर ठेवलेली वस्तूही पडते. ‘गणितासाठी संगीत’ असं म्हणून तास मिळवलात, तर उद्या कुणी म्हणेल, मग सरळ गणिताचाच जादा तास घेऊ की! त्याला उत्तर काय देणार? ही खोड जुनी आहे, बरं का. 1870 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं शाळांत ड्रॉइंग सक्तीचं केलं ते कारखान्यांना आराखडे काढणारे हात हवे होते म्हणून. मुलांची चित्रं मुलांची म्हणून बघणारा कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक व्हिएन्नात आपले वर्ग घेऊ लागला तो त्यानंतर, 1897 च्या सुमाराला.

मग कला शिकवते तरी काय? एक तास डोळ्यांपुढे आणा. पाचवीचा वर्ग, बाकावर प्रत्येकाचा एकेक बूट, समोर कोरा कागद. मुलगा पहिल्या झटक्यात बूट काढतो, नाडीची सगळी भोकं गोल, एका रांगेत. तो बुटाकडे बघतच नाही, बूट त्याला पाठ असतो. बाई चुकलं म्हणत नाहीत. शेजारी वाकून विचारतात, ‘तुझ्या जागेवरून किती भोकं दिसतात?’ तो मोजतो. तीन पूर्ण, चौथं अर्धं, पाचवं जिभेआड गेलंय. आणि जी दिसतात ती गोल नाहीतच, चपटी आहेत. तो खोडरबर उचलतो. त्या क्षणी जे घडलं ते दुसऱ्या कुठल्या तासाला घडतं, मला दाखवा. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या संशोधन गटात लोइस हेटलंड आणि एलन विनर यांनी कलावर्गांत बसून मुलं काय शिकतात ते टिपलं. बघणं, चिकाटी, जे समोर नाही ते कल्पनेत आणणं, स्वतःच्या कामाकडे परक्याच्या नजरेनं पाहणं, अशा आठ सवयी त्यांना दिसल्या. आणि याच विनरबाईंनी 2000 साली आधीचे अभ्यास चाळून सांगितलं होतं की कलेमुळे इतर विषयांचे मार्क वाढतात, याला भक्कम पुरावा नाही. कलेवर माया असलेल्या बाईंनी हे म्हणावं, याचा काहींना फार राग आला. मला बाई तिथंच आवडल्या.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता धावत.

शिक्षक प्रशिक्षित हवा. स्वागताचे फलक रंगवणारा आणि गॅदरिंगला पडदे बांधणारा हक्काचा माणूस, एवढीच त्याची ओळख असेल तर मुलंही तेच शिकतात. मूल्यमापन एका शेवटच्या चित्रावर नको, वर्षभराच्या वहीवर करा. खोडलेला बूटसुद्धा त्यात राहू द्या. पालकांना प्रदर्शनाला बोलावता तसं तासालाही बोलवा. गावातले कलाकार, नाट्यसंस्था, संग्रहालयं यांना शाळेत आणा. अमेरिकेत ह्यूस्टनच्या 42 शाळांपैकी सोडतीनं निवडलेल्या शाळांत नेमकं हे करून पाहिलं. शिस्तभंगाच्या तक्रारी घटल्या, लेखन सुधारलं, दुसऱ्याबद्दलची कणव वाढली. तुम्ही म्हणाल, हाही फायदाच झाला की! जरूर सांगा, पण बूट आधी, ह्यूस्टन नंतर.

आणि तास. परीक्षा जवळ आली की आमचा तास ‘जरा द्या हो’ म्हणून नेतात. नोकरीभर दिले, एक परत आला नाही. म्हणून माझी मागणी एवढीच आहे: एक वही घाला. कोणी, कधी, कुठल्या वर्गाचा कलेचा तास नेला, त्यात नेणाऱ्याची सही. तास त्याच आठवड्यात परत. वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर, आणि दर पालकसभेत ती मोठ्यानं वाचायची.