सळईवर टिकणारा सीख कबाब

श्रोतेहो, नमस्कार. सीख कबाब घरी करायचा म्हटला की एकच धास्ती असते, निखाऱ्यावर धरला आणि सळईवरून गळून पडला तर? मग कुणी अंडं फोडून घालतं, कुणी बेसन वाढवत जातं. अंड्यानं मिश्रण आणखी सैल होतं आणि जास्त पिठानं कबाबाची वडी होते. बहुतेक वेळा दोष असतो तो पाण्याचा.

म्हणून काळजी खाटकाच्या दुकानापासूनच घ्यायची. खांद्याचं किंवा रानाचं, म्हणजे मागच्या मांडीचं, मटण अर्धा किलो, वर १०० ग्रॅम चरबी, आणि बारीक जाळीतून दोनदा काढलेला खिमा. चरबीला नाही म्हणू नका. तिच्यामुळेच कबाब आतून रसरशीत राहतो. धुवायचं असेल तर मटणाचे तुकडे धुऊन, चांगले निथळून मशीनला द्या. खिमा धुतला की त्यातलं पाणी नंतर कितीही पिळा, निघत नाही.

एक मोठा कांदा किसून फडक्यात करकचून पिळा. उरलेला चोथा तेवढा घ्यायचा. कांद्याचा रस आत राहिला तर गरम होऊन त्याची वाफ होते आणि ती खिमा सळईपासून सोडवते. कोथिंबीरही कोरडी करूनच चिरा. मग आलं-लसणाचं घट्ट वाटण एक मोठा चमचा, तीन हिरव्या मिरच्या, गरम मसाला एक छोटा चमचा, मीठ दीड छोटा चमचा आणि डाळ्याची पूड दोन मोठे चमचे. कच्ची पपई? लखनौच्या गलौटी कबाबाला ती हवीच, तो तव्यावर होतो आणि जिभेवर विरघळायला हवा. सळईवरच्या कबाबात मात्र ती जरा जास्त झाली की खिम्याचा लगदा होतो. दोनदा काढलेल्या खिम्याला तिची गरजच नाही.

आता मळणं, आणि खरी मजा इथेच आहे. पाच-सहा मिनिटं तळव्यानं रेटून मळा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि खिमा चिकट होत जातो. आधी भुसभुशीत, मग जड, आणि शेवटी गोळा उलट्या तळहाताला चिकटून लोंबकळतो. झालं. एक-दोन तास फ्रीजमध्ये ठेवा, चरबी घट्ट व्हायला हवी. तोवर चिमूटभर मिश्रण तव्यावर भाजून चव बघा, मीठ अजून सुधारता येतं.

सळई चौकोनी किंवा चपटी घ्या. गोल सळईवर कबाब नुसता फिरत राहतो, उलटत नाही. ओल्या हातानं बोटभर जाडीचा थर द्या, दोन्ही टोकं दाबून बंद करा. कोळशावर पांढरी राख धरली, ज्वाळा बसली, की चार इंच वर सळया ठेवा. पहिली दोन मिनिटं हात लावू नका, बाहेरचा थर आधी धरू द्या. मग फिरवत राहा. आठ-दहा मिनिटांत चरबी निखाऱ्यावर टपटपायला लागते, चुर्र आवाज येतो आणि तो धूर पुन्हा कबाबालाच लागतो.

शेगडी नसेल तर ओव्हन २२० अंशांवर आधी तापवा, बारा ते पंधरा मिनिटं भाजा. मग पातेल्यात कबाबांच्या मधोमध वाटीत पेटता कोळसा ठेवून वर तूप सोडा आणि लगेच झाकण घाला. तीन मिनिटं पुरे, त्यापुढे धूर कडवट होतो. लिंबू मात्र ताटात आल्यावरच पिळा.