पांढऱ्या फुलाच्या वर किती पेरं?

(कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या शिवार-बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, राम राम.

ही दोन झाडं मी आज सकाळी उपटून आणली. हे माझ्या वावरातलं, मध्यम जमिनीतलं. आणि हे शेजाऱ्याच्या भारी काळ्या जमिनीतलं, त्यांना विचारून आणलेलं. दोन्हीची टोबणी, म्हणजे बी टोचून केलेली पेरणी, एकाच आठवड्यातली, 20 जूनच्या आसपासची. परवा पोळा झाला, म्हणजे पऱ्हाटी, ही कापसाची झाडं, साधारण 65 दिवसांची. माझं झाड भरलं 32 इंच. हे दुसरं चार फूट. मघापासून सगळ्यांची नजर या चार फुटाच्या झाडावर आहे, ते मला दिसतंय. माझीही पूर्वी तिथंच जायची.

आता पेरं मोजू, म्हणजे खोडावरच्या दोन गाठींमधले भाग. खालच्या दोन दलांची, बियातून पहिल्यांदा निघालेल्या पानांची, जागा सोडायची आणि तिथून वर मोजत जायचं. ताई, तुम्ही या पुढे, तुमची बोटं पऱ्हाटीत वावरलेली आहेत. एक, दोन, तीन... सोळा. आता हे उंच झाड मोजा. सोळाच.

म्हणजे दीड पट उंच होऊनसुद्धा या झाडानं एक पेर जास्त काढलेलं नाही. आहे तेच पेर लांबवलं. फळफांदी फुटते गाठीतून, मधल्या दांड्यातून नाही. सोळा गाठी इथंही आणि सोळा तिथंही, म्हणजे बोंडं लागायच्या जागा सारख्याच. आता खालच्या फळफांद्या बघा. माझ्या झाडावर पहिल्या पाच फांद्यांपैकी चार फांद्यांवर खोडाजवळची पहिली पाती, म्हणजे फुलाची कळी, टिकून आहे. उंच झाडावर एकच. बाकीच्या ठिकाणी नुसता वण राहिला, हा बघा, वाळलेल्या खपलीसारखा. पाती गळाली की फांदीवर अशी खूण मागे राहते. हे झाड उंच का झालं, त्याचं उत्तर या वणांत आहे.

कापूस हे मुळात एका हंगामाचं पीक नाही, झाड आहे. देवळामागं, विहिरीजवळ देवकापूस असतो ना, ज्याच्या वाती आपण वळतो? तो वर्षानुवर्षं उभा असतो. आपण पऱ्हाटीला सहा महिन्यांत संपवतो, पण तिचा स्वभाव झाडाचाच राहतो. तिला वाढायचं असतं. तिला आवर घालतो तो अंगावरचा माल. खालच्या फांद्यांना बोंडं धरली की पानांनी तयार केलेलं अन्न तिकडं ओढलं जातं आणि शेंड्याला कमी पडतं. खालची पाती गळाली की ते सगळं अन्न शेंड्याला मोकळं होतं. मग पऱ्हाटी माजते, दाट होते, आत ऊन शिरत नाही, आणि ऊन नाही म्हणून आतली पाती आणखी गळते.

हे मी पुस्तकात आधी वाचलं होतं. कळलं मात्र घरच्या वावरात. नोकरी संपवून गावी आलो त्या पहिल्या वर्षी भारी जमिनीत कापूस लावला. पावसाची प्रत्येक सर पडली की युरिया टाकला. एका दुकानदारानं सुचवलं म्हणून वर दोन टॉनिकं फवारली. पऱ्हाटी खांद्याला लागली. येणारे-जाणारे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थांबून बघायचे, मला फार बरं वाटायचं. त्या वर्षी एकरी साडेतीन क्विंटल झाला. धुऱ्यापलीकडच्या कमरेएवढ्या पऱ्हाटीनं सात क्विंटल दिला. दिवाळीनंतर माझ्या झाडांच्या शेंड्यावर हिरवी कच्ची बोंडं लटकत होती आणि खालची जमीन भेगाळली होती. ते चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आता तारखांचा हिशेब मांडू. माझ्या मते आजच्या बैठकीतला हाच खरा विषय आहे.

पेरणीपासून पहिली पाती यायला 35 ते 45 दिवस लागतात. पातीचं फूल व्हायला आणखी तीन आठवडे. फुलापासून बोंड फुटायला 45 ते 55 दिवस. 20 जूनला टोबलं तर जुलैअखेर पाती, 20 ऑगस्टच्या पुढे फूल, आणि दसऱ्याच्या सुमारास पहिलं बोंड. आता उलट दिशेनं या. आपल्याकडं बहुतेक कापूस कोरडवाहू. परतीचा पाऊस ऑक्टोबरात निघून जातो. मध्यम जमिनीत नंतर किती दिवस ओल पुरते, ते तुम्ही जाणता. 25-30 सप्टेंबरनंतर उमललेल्या फुलाचं बोंड पोसायला नोव्हेंबरचा मध्य उजाडतो. तोवर जमिनीत ओल नाही, रात्री गार, पानं लाल पडलेली.

बोंडाच्या आत काय चालतं तेही समजून घ्या. कापसाचा धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमललं त्या दिवसापासून ती लांब व्हायला लागते आणि साधारण तीन आठवडे लांबत राहते. त्यानंतरचे तीन-चार आठवडे तिच्या आत थरावर थर चढतो. वजन येतं ते या दुसऱ्या टप्प्यात. उशिरा लागलेल्या बोंडाला नेमका हाच टप्पा उपाशी जातो. लांबी झालेली असते, पण धागा पोकळ राहतो. बोंड अर्धवट उकलतं, कवडी, म्हणजे चिकटलेला हलका कापूस, निघते. सुरुवातीचं बोंड चार-साडेचार ग्रॅम भरतं, शेवटचं अडीच-तीनवर अडतं.

म्हणून मध्यम जमिनीतल्या कोरडवाहू पऱ्हाटीला कामाचं फूल धरायला 20 ऑगस्ट ते 25 सप्टेंबर एवढेच दिवस आहेत. पस्तीसेक दिवस. वरच्या दिशेनं साधारण दर तीन दिवसांनी एक नवी फळफांदी फुलावर येते, म्हणजे झाल्या बारा फांद्या. त्याच फांदीवरचं दुसरं फूल सहाएक दिवसांनी येतं. त्यामुळे खोडाजवळची पहिली जागा सर्वांत मोलाची, आणि उत्पादनाचा मोठा हिस्सा तिथूनच येतो.

याच कारणानं मी झाडांच्या संख्येबद्दल इतका आग्रह धरतो. 4 बाय दीड फुटावर एकरी 7,260 झाडं बसतात. सहा क्विंटलच्या जवळ जायचं तर चार ग्रॅमच्या हिशेबानं प्रत्येक झाडावर 20 बोंडं हवीत. पस्तीस दिवसांत ती धरायची तर दुसऱ्या-तिसऱ्या जागेवरची आणि खोडासारख्या सरळ वर जाणाऱ्या गळफांदीवरची बोंडंही टिकायला हवीत. 3 बाय 1 फुटावर झाडं होतात 14,520, आणि तेवढ्याच मालाला झाडामागे 10 बोंडं पुरतात. दहा बोंडं पहिल्या जागेवर, वेळेत, सहज बसतात. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था 90 बाय 15 सेंटिमीटरची सघन लागवड सांगते, तिच्यामागचा विचारही असाच आहे. मात्र हे अंतर हलक्या ते मध्यम जमिनीसाठी आणि आटोपशीर वाणासाठी. भारी जमिनीत पसरणारा वाण इतका दाट लावला आणि वाढीकडं बघितलं नाही, तर वावराचं रान होईल.

गळफांदीचं थोडक्यात सांगतो. ही बघा. खालच्या गाठीतून निघते, सरळ वर जाते, दुसरं खोडच जणू. फळफांदी नागमोडी जाते आणि तिच्या प्रत्येक वळणावर पानासमोर पाती असते. गळफांदीवर थेट पाती येत नाही, तिला आधी स्वतःच्या फळफांद्या काढाव्या लागतात, म्हणून तिचा माल मागे पडतो. मराठवाड्यात दादा लाड यांच्या नावानं जे तंत्र ओळखलं जातं, त्यात चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या सुमारास या फांद्या काढतात. दाट लागवडीत ते मला पटतं. विरळ लागवडीत मी काढणार नाही, कारण तिथं जागा भरायला तीच आहे. या वर्षीचं ते वय निघून गेलं. आता जून झालेली फांदी तोडून झाडाला जखम करू नका.

पातेगळीवर काल तिघांनी फोनवर विचारलं. गळलेली पाती उचलून बघा. छिद्र असेल तर अळीचं काम. छिद्र नसेल तर झाडानं स्वतः सोडलेली. निम्म्याहून अधिक पात्या-फुलं झाड एरवीही सोडतंच, त्यानं घाबरायचं कारण नाही. पण आठवडाभर झड लागली, ऊन नाही, पाणी साचून मुळं गुदमरली, तर गळ वाढते. सकाळी फूल उघडं असताना पाऊस आला तर परागकण भिजून फुटतात आणि ते फूल धरत नाही. त्याला आपला इलाज नाही. पाणी काढून देणं मात्र आपल्या हातात आहे. डवऱ्याला, म्हणजे कोळपणीच्या अवजाराला, दोरी बांधून पिकाच्या दर दोन ओळींनंतर सरी पाडा. झडीत ती पाणी काढते आणि उघाडीत ओल धरते. मी हजार रुपयांच्या बाटलीपेक्षा या दोरीवर जास्त विश्वास ठेवतो. बाकी बोंड दहा-बारा दिवसांचं झालं की सहसा गळत नाही, म्हणून फुलानंतरचे ते दहा दिवस जपायचे.

आता वाढरोधक, म्हणजे झाडाची वाढ आवरणारं औषध. मेपिक्वाट क्लोराईड झाडातल्या लांबी वाढवणाऱ्या संजीवकाला अडवतं. त्यामुळे पुढे येणारं पेर आखूड येतं. आधी लांब झालेलं पेर आखूड होत नाही, गळालेली पाती परत येत नाही. म्हणून वेळ चुकवून चालत नाही. मी असं बघतो: शेंड्याकडून खाली चौथ्या आणि पाचव्या गाठीतलं अंतर बोटांनी मोजायचं. तीन बोटांच्या आत बसलं तर हात लावायचा नाही. चार बोटं भरली, वरून ढग, जमीन ओली, खालची पाती गळालेली, तर फवारायचं. पाच टक्क्यांचं औषध असेल तर लिटरला साधारण एक मिली, आणि डब्यावरची सूचना वाचूनच. पाण्याचा ताण पडलेल्या पऱ्हाटीवर चुकूनही नको. ती आधीच थांबलेली असते. आणि युरिया देऊन वाढ चढवायची, मग औषधानं उतरवायची, असा दुहेरी खर्च कृपा करून करू नका. नत्र विभागून द्या. माजलेल्या कोवळ्या पानावर तुडतुडे आधी येतात.

शेंडा कधी खुडायचा? त्याचंही उत्तर तारखेतच आहे. कामाचं शेवटचं फूल 25-30 सप्टेंबरचं, आणि पातीपासून फुलाला तीन आठवडे. म्हणजे 5 ते 8 सप्टेंबरनंतर येणारी पाती मध्यम कोरडवाहू जमिनीत वेचणीपर्यंत पोचत नाही. तेव्हाही शेंडा धावत असेल तर खुडा. ओलीत असेल तर दोन-तीन आठवडे पुढे जा. हलक्या जमिनीत पऱ्हाटी आपणहून थांबते, तिथं मजुरी घालवू नका.

ती थांबली हे ओळखायचं कसं, तर पांढऱ्या फुलावरून. कापसाचं फूल पहिल्या दिवशी पांढुरकं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. सर्वांत वरच्या फळफांदीवरचं, खोडालगतचं, आज उमललेलं पांढरं फूल शोधा. त्याच्या वर किती पेरं आहेत ते मोजा. फुलाची सुरुवात असताना 8 ते 10 असावीत. दर आठवड्याला हा आकडा उतरत जातो, कारण माल चढतो आणि शेंडा मंदावतो. 5 वर आला की झाडानं दुकान आवरायला घेतलं. महिनाभर उलटूनही 8 वर अडलेला असेल तर खाली माल धरलेला नाही. आणि आताच 5 असेल तर पऱ्हाटी भुकेली किंवा तहानलेली आहे. तिथं दोन टक्के डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताची फवारणी द्या, ओलिताची सोय असेल तर पाणी द्या.

पीक वेळेत आवरण्याचं आणखी एक कारण आहे. 2002 साली बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेलं बीटी बियाणं आलं आणि लांब मुदतीच्या संकरित वाणांवर आपण फरदड, म्हणजे वेचणीनंतर त्याच झाडांवर पुन्हा बहार, घ्यायला सोकावलो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी. गुलाबी बोंडअळीला बाराही महिने घर मिळालं, आणि 2017 मध्ये या अळीनं काय केलं ते या मांडवातल्या प्रत्येकानं बोंड फोडून बघितलं आहे. लवकर, एकदम माल धरणारी पऱ्हाटी डिसेंबरात मोकळी करता येते. अळीचे नर पतंग मादीच्या वासानं ओढून घेणारे कामगंध सापळे एकरी दोन आताच लावा आणि डोमकळी, म्हणजे आत अळी असलेलं न उमललेलं फूल, दिसली की तोडून नष्ट करा.

आता बोलणं थांबवतो. शेजारच्या वावराच्या मालकांनी परवानगी दिली आहे. पाच-पाच जणांनी एकेक ओळ घ्या. ज्या बाया वेच्याला जातात त्यांनी पुढं राहावं, त्यांना फूल पटकन सापडतं. प्रत्येकानं चार झाडं मोजायची आणि आकडा मला सांगायचा. धुऱ्याकडची झाडं धरू नका, त्यांना ऊन जास्त मिळतं, तिथला आकडा फसवतो. चला, उद्यावर ठेवलं तर आजचं पांढरं फूल गुलाबी झालेलं असेल.