'मिडलमार्च' : हप्त्याहप्त्याने वाचलेली कादंबरी

[दृश्य: हिरवट वेष्टनातला सुटा भाग, पानं उलटणारा हात]

ही अख्खी कादंबरी नव्हे, हा तिचा आठवा हिस्सा. किंमत पाच शिलिंग. सोबत जाहिरातींची पानं, आणि त्यांच्यामध्ये मेरी अ‍ॅन इव्हान्स, म्हणजेच जॉर्ज एलियट, यांची 'मिडलमार्च'.

तेव्हा इंग्लंडात नवी कादंबरी तीन खंडांत निघायची. दाम साडेएकतीस शिलिंग! विकत कोण घेणार? लोक मुडीच्या वाचनालयाची वर्गणी भरायचे, आणि मुडी काय उचलेल याकडे प्रकाशक डोळे लावून असायचे. एलियट यांची गोष्ट तीन खंडांत मावेना. मग त्यांचे सहचर जॉर्ज हेन्री लुइस यांनी एडिंबरोचे प्रकाशक जॉन ब्लॅकवुड यांना गळ घातली: आठ भाग करू, दोन-दोन महिन्यांनी काढू. पहिला आला डिसेंबर १८७१ मध्ये, शेवटचा डिसेंबर १८७२ मध्ये. वर्षभर वाचक नायिका डोरोथियाच्या संसारात नाक खुपसून होते.

[दृश्य: जिना, मेणबत्ती]

चौथ्या भागाचा शेवट. आपल्या हृदयाचा भरवसा नाही, हे डोरोथियाचा नवरा कॅसॉबन याला नुकतंच कळलंय. बागेत बायको त्याच्या दंडात हात घालते. हा हात पाठीमागे बांधून ताठ. ती खोलीत जाऊन धुमसते. आणि रात्री तो वर येईपर्यंत जिन्यापाशी अंधारात उभी राहते. तो येतो, चार मऊ शब्द बोलतो, दोघं हातात हात घेऊन चालू लागतात.

पुढचा भाग जवळपास दोन महिन्यांनी.

सलग वाचताना कॅसॉबन निव्वळ खडूस वाटतो. थांबलेल्याला त्याची कीव यायला सवड मिळते. हा कोणावरून बेतला, असं विचारल्यावर एलियट यांनी स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं, असं सांगतात.

[दृश्य: ननीटन या इंग्लिश गावाच्या चौकातला एलियट यांचा पुतळा]

सगळेच खूश नव्हते. कादंबरीकार हेन्री जेम्सना तपशिलांचा खजिना दिसला, पण एकसंधपणा नाही. कॅसॉबनचा तरुण नातलग विल लॅडिस्लॉ तर पटलाच नाही. कॅसॉबनच्या मृत्यूनंतर डोरोथियाने त्याच्याशी लग्न करावं, यावर अजूनही कुरकुर चालते. ती रास्तच आहे. व्हर्जिनिया वुल्फनी १९१९ मध्ये हिला मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या मोजक्या इंग्रजी कादंबऱ्यांत बसवलं. २०१५ मध्ये बीबीसीने ब्रिटनबाहेरच्या समीक्षकांना सर्वोत्तम ब्रिटिश कादंबरी कोणती असं विचारलं, तेव्हा ही पहिली आली.

आजच्या प्रतींतही आठ भागांचे मथळे असतात. निदान चौथा संपल्यावर पुस्तक आठवडाभर मिटून ठेवा.